दलदलीतला कार्बन सांभाळायचा कुणी?

2022 च्या दिवाळीत महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांवर 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. कितीतरी घरांत त्या वर्षीच्या चकल्या त्याच तेलात तळल्या गेल्या. एरवीही आपण पामतेल खातोच. फरसाणाच्या, बिस्किटांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘पामोलीन’ लिहिलेलं असतं. या तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, आणि जगातलं निम्म्याहून जास्त पामतेल एकटा इंडोनेशिया काढतो. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये त्यांनी जेमतेम साडेतीन आठवडे निर्यात थांबवली, तर आपल्या किराणा दुकानात तेलाचे भाव चढले.

म्हणून बोर्निओ बेटावरच्या दलदलीची ही गोष्ट मला परक्या मुलखाची वाटत नाही. हवेतला कार्बन धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक जागांचा कारभार विषुववृत्ताजवळच्या विकसनशील देशांत कसा चालतो, कुठे अडतो आणि कुठे जमतो, हे या एका दलदलीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आधी थोडं विज्ञान. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगलं तोडून माणूस दर वर्षी सुमारे 40 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. त्यातला निम्म्याच्या आसपासच हवेत उरतो. बाकीचा समुद्र, जंगलं आणि माती शोषून घेतात. अशा शोषून साठवणाऱ्या जागांना कार्बन सिंक म्हणतात. त्या नसत्या तर आजचा उन्हाळा कितीतरी कडक असता.

मात्र शोषणं आणि साठवलेलं जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. दर महिन्याला आरडीत 500 रुपये भरणं हे एक काम, आणि आजोबांनी ठेवलेली मोठी ठेव न मोडणं हे दुसरं. झाडं लावली की आरडी भरली जाते. पण ठेव मोडली, तर ती भरून काढायला पुढच्या कितीतरी पिढ्यांची आरडी पुरणार नाही. वृक्षारोपणाचे फोटो सगळीकडे दिसतात, ठेवीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. इंडोनेशियातली ही ठेव पीट नावाच्या मातीत आहे.

गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांना कोकोपीट माहीत असतं. ते नारळाच्या सोडणाचं असतं, खरं पीट वेगळं. पाणथळ जंगलात पानं, फांद्या, मुळं, अख्खी खोडं पाण्यात पडतात. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि ते आम्लही असतं, त्यामुळे काहीच पुरतं कुजत नाही. अर्धवट कुजलेला थर साचत राहतो, वर्षाला साधारण एखादा मिलिमीटर. हजारो वर्षांत काही ठिकाणी तो 10 मीटरपेक्षा जाड झालाय. मूठभर हातात घेतला तर चोथ्यासारखा लागतो, पिळला तर कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी निघतं. तिथल्या नद्यांचं पाणीही त्याच रंगाचं असतं.

जुन्या वाड्यांत धान्याचं पेव असायचं. हवा लागत नाही तोवर आतलं धान्य टिकायचं. पीट हे कार्बनचं पेवच आहे, फक्त त्याचं झाकण पाण्याचं आहे. पाणी उतरलं की हवा आत शिरते, थर कुजू लागतो आणि हजारो वर्षांचा कार्बन हवेत जातो. चर खणून पाणी काढलेलं पीट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर खचतं. 50 वर्षांची साठवण एका वर्षात संपते, असा हा हिशेब.

इंडोनेशियात असं पीट सव्वा ते दीड कोटी हेक्टरवर पसरलंय, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याला थोडं कमी. आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात याहून मोठं पीट आहे. त्याचा नीट नकाशा शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये पहिल्यांदा काढला तेव्हा कळलं, की त्यात सुमारे 30 अब्ज टन कार्बन आहे. सगळं जग तीन वर्षांत जेवढं इंधन जाळतं त्यातून साधारण तेवढा कार्बन निघतो (कार्बन डायऑक्साइडच्या वजनात नुसत्या कार्बनचा वाटा साधारण पावच असतो). काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने 2022 मध्ये तेल शोधायला 27 ब्लॉक लिलावात काढले होते आणि त्यातले काही याच पीटावर होते. 2024 मध्ये तो लिलाव रद्द झाला. काँगोत ज्याची भीती आहे ते इंडोनेशियात घडून गेलंय, म्हणून तिकडेच जाऊ.

1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी ठरवलं, की बोर्निओवरच्या मध्य कालिमंतान प्रांतातल्या 10 लाख हेक्टर पाणथळ जमिनीवर भात पिकवायचा. आपला अख्खा सातारा जिल्हा साधारण एवढा भरतो. 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला होता, पण लोकसंख्या वाढली आणि पुन्हा आयात करायची वेळ आली. त्यावर काढलेला हा मार्ग. जंगल तोडलं गेलं आणि 4,000 किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचे कालवे खणले गेले. तीन मीटरपेक्षा खोल पीट राखून ठेवावं असा राष्ट्राध्यक्षांचाच आदेश 1990 पासून होता, त्याची आठवण कुणी ठेवली नाही. पैसा आला तो वनीकरणासाठी लाकूडतोडीवर गोळा केलेल्या निधीतून. जंगल लावायचा पैसा जंगल तोडायला वापरला गेला, हे वाचताना मी त्या ओळीवर पुन्हा एकदा थांबलो होतो.

जावा बेटावरून हजारो कुटुंबं आणून तिथे वसवली. भात मात्र आला नाही. पीटात पोषण कमी आणि आम्ल जास्त, भाताने तिथे धरायचं कशाला? 1998 मध्ये सुहार्तो पायउतार झाले, प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे तसेच राहिले आणि रात्रंदिवस पाणी नदीकडे नेत राहिले.

कोरडं पीट जळतं. आपल्याकडचा वणवा डोंगरावर दिसतो, पुढे सरकतो आणि विझतो. पीटाची आग भाताच्या तुसाच्या ढिगासारखी असते. वर नुसती राख, आत निखारा. ती जमिनीखालून सरकते, कुठेतरी लांब वर येते, आणि वरून कितीही पाणी मारलं तरी खरा पाऊस लागल्याशिवाय विझत नाही. 1997 मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला तेव्हा हे पेव फुटलंच. 2015 मध्ये पुन्हा तेच झालं. त्या वर्षी देशभरात सुमारे 26 लाख हेक्टर जळलं. जागतिक बँकेने नुकसानीचा आकडा 16 अब्ज डॉलर काढला. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस असे होते, की इंडोनेशियाच्या आगीतून एका दिवसात निघालेला कार्बन अख्ख्या अमेरिकेच्या त्या दिवसाच्या उत्सर्जनाहून जास्त होता. मध्य कालिमंतानची राजधानी पालांगकाराया पिवळ्या-नारिंगी धुरात बुडाली होती. शाळा बंद होत्या. तान्ही मुलं तोच धूर श्वासात घेत होती.

त्यानंतर सरकारने जे केलं ते खरोखर समजून घेण्यासारखं आहे. जानेवारी 2016 मध्ये पीट पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली. त्याच वर्षी नियम पक्का झाला, की पीटातलं पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. जंगलाविषयीचे कायदे सहसा झाडं मोजतात. हा नियम पाणी मोजतो, आणि माझ्या मते त्याचं सगळं शहाणपण त्यातच आहे. मोजायची पद्धतही साधी आहे. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप पीटात उभा रोवायचा, आत पाणी किती खाली दिसतं ते टेपने मोजायचं आणि वहीत लिहायचं. आपले शेतकरी विहिरीला दोर सोडून पाणी बघतात, तसंच हे.

दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब कुठल्या सीमेत धरायचा हे ठरवणं. आपण पाणलोट म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर खोरं येतं, दोन डोंगरांमधलं. पीट उलटं असतं. दोन नद्यांच्या मधे ते उलट्या परातीसारखं फुगलेलं असतं आणि त्या फुगवट्यात पावसाचं पाणी धरलेलं असतं. कडेला एक कालवा खणला तरी पाणी मधल्या उंचवट्यापासून उतरायला लागतं. म्हणून या आगीआधीच्याच 2014 च्या नियमांनी दोन नद्यांमधलं अख्खं पीट हे एक एकक धरलं आणि त्यातलं निदान 30 टक्के, उंचवट्यापासून सुरुवात करून, हात न लावता राखायला सांगितलं.

कागदावर एवढं सुरेख आहे. जमिनीवर काय होतं? त्याच एककात एका बाजूला पामची बाग, दुसऱ्या बाजूला कागदाच्या लगद्यासाठी लावलेली झाडं, मधे गाव, टोकाला राखीव जंगल. प्रत्येकाचा परवाना वेगळा, खातं वेगळं. पामच्या मुळांना हवा लागते, त्यामुळे बागायतदाराला पाणी 50-70 सेंटिमीटर खाली असलेलं बरं वाटतं. कायदा म्हणतो 40. नव्या संस्थेचं काम प्रामुख्याने परवान्याबाहेरच्या जमिनीवर होतं. परवान्याच्या आत कंपनीने स्वतः पाणी वर आणायचं आणि खात्याने तपासायचं. आणि पूर्ववत करायच्या पीटाचा मोठा भाग परवान्यांच्या आतच होता. पाणी काही परवाना बघून थांबत नाही. शेजारच्या बागेचा चर उघडा असेल, तर गावाने घातलेला बांध फुकट जातो.

त्यात नकाशांचा घोळ. सुहार्तो गेल्यानंतर बरेच अधिकार जिल्ह्यांकडे आले आणि जिल्हाप्रमुखांनी परवाने वाटले. वनखात्याच्या नकाशात जी जमीन जंगल, तीच जिल्ह्याच्या नकाशात बाग, खाणखात्याच्या नकाशात खाण. मग सरकारला ‘एक नकाशा’ नावाचं धोरणच काढावं लागलं. 2011 मध्ये मूळ जंगलात आणि पीटावर नवे परवाने देणं थांबवलं, 2019 मध्ये ती बंदी कायमची झाली. पण आधी दिलेले परवाने त्यातून सुटले.

या सगळ्या नकाशांवर एक रेघ बराच काळ नव्हतीच. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची.

कालिमंतानमधल्या दायाक आदिवासींच्या गावांकडे सातबारासारखा कागद नाही. कुठल्या ओढ्यापर्यंत आपलं, कुठली रबराची झाडं कुणाच्या आजोबांनी लावली, हे गावाला तोंडपाठ असतं. डच राजवटीने 1870 मध्ये जाहीर केलं, की ज्या जमिनीवर कुणाची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. आपल्याकडे इंग्रजांनी 1878 च्या वन कायद्याने जंगलं सरकारजमा केली, त्याचंच हे भावंड. स्वतंत्र इंडोनेशियाच्या 1999 च्या वन कायद्यातही परंपरागत जंगलाची व्याख्या ‘परंपरागत समाजाच्या क्षेत्रातलं सरकारी जंगल’ अशीच होती. आदिवासी समाजांच्या महासंघाने त्याला आव्हान दिलं आणि मे 2013 मध्ये घटना न्यायालयाने त्या व्याख्येतला एक शब्द काढून टाकला: ‘सरकारी’. एका शब्दाने कोट्यवधी लोकांचा हक्क कायद्यात परत आला. प्रत्यक्षात यायला मात्र वेळ लागला. पहिल्या 9 समाजांना त्यांच्या जंगलाचे कागद 2016 च्या डिसेंबर अखेरीस मिळाले, आणि ते क्षेत्र होतं जेमतेम 13 हजार हेक्टर.

आपल्याकडेही एका शब्दाने असंच अडवून धरलं होतं. 1927 च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, म्हणजे तोडायचा, विकायचा तर वनखात्याचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात. एप्रिल 2011 मध्ये ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं तेव्हा कुठे तो हक्क खरा झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा गडचिरोलीबाहेरही पोचली आहे. हक्क आणि पुस्तक यांच्यातलं ते दोन वर्षांचं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. कायदा हक्क देतो, पण कारभार म्हणजे ते पुस्तक कुणाच्या हातात आहे.

सरकारने हात झटकावेत असा याचा अर्थ मी काढणार नाही. ब्राझीलने 2004 ते 2012 या काळात ॲमेझॉनमधली जंगलतोड वर्षाला सुमारे 27,800 चौरस किलोमीटरवरून 4,600 पर्यंत खाली आणली, ती उपग्रहाने जवळजवळ रोजच्या रोज पाहून, धाडी घालून आणि जंगल तोडणाऱ्यांचं बँक कर्ज अडवून. नंतर सरकारची इच्छा ढिली पडली आणि तोड पुन्हा वाढली. गावाचा हक्क आणि सरकारचा धाक, दोन्ही हवेत.

आता पैसा. जंगल राखलं तर श्रीमंत देशांनी मोबदला द्यावा, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या वाटाघाटींत ‘रेड प्लस’ नावाने आली. नॉर्वेने 2010 मध्ये इंडोनेशियाला एक अब्ज डॉलरपर्यंत देऊ केले, जसजशी जंगलतोड कमी होईल तसतसे. 2021 पर्यंत पहिल्या निकालाचे 5 कोटी 60 लाख डॉलरही हाती पडले नाहीत, आणि इंडोनेशियाने करार मोडला. 2022 मध्ये नवा करार झाला आणि तेवढे पैसे मिळाले. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. एका वर्षाच्या आगीचं नुकसान 16 अब्ज डॉलर. पामतेलाच्या निर्यातीतून येणारे पैसे वर्षाला 20 अब्ज डॉलरच्या आसपास. त्यापुढे 5 कोटी 60 लाख. गरीब देशाला ‘तुमची ठेव मोडू नका, जगाचं भलं होईल’ असं सांगायचं आणि हातावर एवढं ठेवायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

पण मोबदला देणाऱ्याचेही प्रश्न खरे आहेत. जे झाड तोडायचं कुणाच्या मनातच नव्हतं, ते न तोडल्याचं बक्षीस द्यायचं का? इथली तोड थांबली आणि तीच करवत शेजारच्या जिल्ह्यात गेली तर? आज राखलेलं पीट पुढच्या एल निनोत जळालं, तर विकलेल्या कार्बनचं काय? कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेत न गेलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं विकण्याचा, सगळा वाद या तीन प्रश्नांत आहे, आणि पीटाच्या बाबतीत तिसरा सर्वांत कठीण. त्यातच कार्बन कुणाच्या मालकीचा, हेही सुटलेलं नाही. 2021 च्या नियमाने इंडोनेशियात कार्बनच्या व्यवहारावर सरकारचं नियंत्रण आलं, 2023 मध्ये जकार्तात कार्बनचा बाजारही सुरू झाला. गावाच्या वाट्याला काय, हे ज्या त्या कागदावर अवलंबून.

मग पामतेल खाणंच सोडावं का? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर ‘नाही’ आहे. एका हेक्टरमधून पाम तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन किंवा सूर्यफूल एक टनही देत नाही. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल. शिवाय इंडोनेशियातली सुमारे 40 टक्के पामशेती लहान शेतकऱ्यांची आहे. पाम खनिज मातीवर घेतला आणि पीट सोडलं, तर भांडणाचा मोठा भाग मिटतो. ओल्या पीटावर ओलंच पीक घ्यायचं: साबुदाण्याचा मूळ पाम सागो हा पाण्यात पाय रोवून वाढतो. आपला आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो, पण नाव मात्र त्या सागोवरून आलंय. चटया विणायचं लव्हाळंही ओल्यातच येतं.

नियम कुणावर पडतो, तेही बघायला हवं. 2009 च्या पर्यावरण कायद्यात एका कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत पारंपरिक पद्धतीने जाळून शेती करायची सूट होती. कोकणात राब भाजतात, पूर्वी कुमरी करायचे, तशीच ही डोंगरभाताची रीत. 2015 नंतर सरसकट बंदीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा काठी आधी पडली ती या दायाक शेतकऱ्यांवर. खटले त्यांच्यावर झाले. खोल पीट सुकवणारे कालवे त्यांनी खणले नव्हते.

तरीही काही बदललंय. 2019 च्या आगीत साडेसोळा लाख हेक्टर जळलं, 2023 पुन्हा एल निनोचं वर्ष होतं, तरी आकडा साडेअकरा लाखांच्या आसपास राहिला. आकडा मोठाच आहे, पण 2015 च्या निम्म्याहून कमी. यात हजारो लहान बांधांचाही वाटा असावा असं मला वाटतं. बांध म्हणजे कालव्यात आडव्या दोन रांगांत रोवलेली खोडं, मधे मातीची पोती. महाराष्ट्रातल्या वनराई बंधाऱ्याचा हा भाऊच. फरक इतकाच, की आपण पाणी जिरवायला अडवतो, तिथे ते बाहेर जाऊ नये म्हणून अडवतात.

सुरुवातीला यातले काही बांध गावकऱ्यांनीच रात्रीतून तोडले. अधिकाऱ्यांना वाटलं, लोकांना पीटाची किंमत कळत नाही. पण त्या मुलखात कालवा हाच रस्ता आहे. रबर, मासळी, आजारी माणूस, सगळं होडीतून जातं, आणि बांध म्हणजे रस्त्यात घातलेली भिंत. नंतर जिथे गावाशी बसून बांधले, तिथे बांधाच्या मधोमध होडी जाईल एवढी खाच ठेवली. खाचेचा तळ किती उंच ठेवायचा, हे गावातले नावाडी सांगतात. होडी खाचेवर ढकलतात, पलीकडे उतरवतात आणि पुढे जातात. कालव्यातलं पाणी बांधामागे काठोकाठ उभं असतं.